गॅस की पाणी

थंडी नावाची वस्तू जगात नाही, असं आमचे घरमालक काकाजी म्हणत. त्यांच्या घराच्या समोरच्या खोलीत मी दुकान टाकलं, त्याच दिवशी हे त्यांनी मला ऐकवलं. मी आपली साधं म्हणाले होते, की खोली थंड आहे, बरं झालं. झालं, काकाजी सुटले. थंडी बनवता येत नाही, फक्त गरमी उचलता येते. इथून उचलायची अन् तिकडे नेऊन टाकायची, एवढाच काय तो धंदा. आणि आपण जन्मभर या गरमीची हमाली केली. मी हातात झाडू घेऊन ऐकत उभी. शेवटी काकूंनी आतून आवाज दिला, की त्या पोरीला सामान तरी लावू द्या, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

भंडाऱ्यात काकाजींना ओळखत नाही असा फ्रीजवाला शोधून सापडला नसता. सरकारी आयटीआयमध्ये त्यांनी जन्म घालवला, फ्रीज-एसीचं काम शिकवण्यात. त्यामुळे साकोलीपासून तुमसरपर्यंत जो कोणी गॅस भरून देतो तो यांचाच चेला. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, काकाजी थर्मामीटर लावत, लांब दांडीचा. चहा आला की आधी थर्मामीटर चहात बुडायचा. "चौसष्ट," म्हणायचे, जरा थांबायचे आणि मग कप उचलायचे. एकदा काकूंच्या माहेरी भर पंगतीत त्यांनी तो कढीच्या वाटीत घातला. तेव्हापासून काकू जे गप्प झाल्या ते भंडारा येईपर्यंत गप्प होत्या, आणि भंडारा आल्यावर जे बोलल्या ते चार घरं पलीकडे ऐकू गेलं.

आणि गंमत बघा, यांच्या स्वतःच्या घरी फ्रीज नव्हता. साऱ्या गावाले थंड करून आले अन् माह्या घरी माठ, हे काकूंचं रोजचं गाऱ्हाणं. काकाजींचं म्हणणं असं, की माठ हासुद्धा फ्रीजच आहे, फक्त तो आवाज करत नाही. पाणी झिरपतं, वाळतं, वाळताना आतली गरमी घेऊन जातं. मग दूधही माठातच ठेवून दाखवा, असं काकू म्हणाल्या की काकाजींना एकदम बाजारातलं काहीतरी काम आठवायचं.

बिघडलेला फ्रीज ते आधी कधी उघडत नसत. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग निदान. याले धाप लागली हाय. हा रुसून बसला. हा पाहुणा हाय, दोन दिवसांचा. बपेऱ्याला एका लग्नाला आम्ही गेलो होतो, तिथे यजमान स्वागताला उभे आणि काकाजी त्यांना ओलांडून सरळ मांडवामागे, आईस्क्रीमच्या फ्रीझरपाशी. कान लावून परत आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, की आईस्क्रीम आधी खाऊन घ्या, जेवण मागून करा. कोणी ऐकलं नाही. पंगत बसेपर्यंत फ्रीझर थंड पडला, म्हणजे गरम पडला, आणि त्या लग्नात लोक आईस्क्रीम द्रोणातून प्यायले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यांच्या खाटेखाली एक कॉम्प्रेसर होता. नवाकोरा, डीप फ्रीझरचा, दुपट्ट्यात गुंडाळलेला. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थी शाल-नारळ द्यायला निघाले, तर यांनी आधीच सांगून टाकलं, की उन्हाळ्यात शाल घेऊन मी काय करू. मग पोरांनी मिळून तो कॉम्प्रेसर आणला. तेव्हापासून तो खाटेखाली. कोणी मागितला की उत्तर ठरलेलं, "योग्य काम आलं का लावीन." दूध डेअरीचं काम आलं, एका लॉजचं आलं, कोंढ्याच्या एका चेल्यानं तर पाय धरले. एकही काम योग्य ठरलं नाही. काकू खाटेखाली झाडू मारताना त्याला सवत म्हणायच्या.

मी सांगते आहे तो त्यांचा भंडाऱ्यातला शेवटचा उन्हाळा. मुलगी पुण्याला असते, तिने ठरवलं होतं की आता दोघांनी तिच्याकडेच यायचं, पावसाळा लागायच्या आत. घराची आवराआवर सुरू झाली होती. भांडी कोणाला, पलंग कोणाला, सगळं काकूंनी ठरवून टाकलं. कॉम्प्रेसरचं काय, हे मात्र कोणी विचारलं तर काकाजी अंगणात निघून जायचे. पुण्याला न्यायचा नाही, असं मुलीने बजावलं होतं. म्हणजे योग्य काम सापडायला त्यांच्याकडे एवढाच उन्हाळा होता.

आणि ते काम त्यांना माझ्या कॉम्प्युटरमध्ये दिसलं.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. शूटिंगवाले कॅमेऱ्याचं कार्ड आणून देतात, मी कापाकापी करते, गाणी बसवते. याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. सीझनमध्ये मशीन पुरत नाही, म्हणून मी तिचा प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होते. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. काम लवकर होतं, पण मशीन तापते, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. कापाकापी झाली की मशीन अख्खी फिल्म एका दमात बाहेर काढते, मध्ये थांबली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी बारा वाजले की तीन तासांची फिल्म दोन तास चालून जाग्यावर थिजायची. मी मशीनला शिव्या देत होते, तेव्हा काकाजी आले, डब्ब्याला मागून उलटा हात लावला आणि म्हणाले, "मशीन तुझी. पण गरमी माझी हाय."

त्या दिवसापासून माझ्या दुकानात त्यांचा मुक्काम. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून आठवड्यात ते माझ्याहून हुशार झाले. प्रोसेसर थंड ठेवायचे दोन मोठे मार्ग, एक पाण्याचा, एक गॅसचा. पाण्याच्या मार्गात प्रोसेसरवर तांब्याची चकती बसवतात, नळ्यांमधून पाणी फिरवतात, पाणी गरमी घेऊन जातं आणि पंख्यासमोर सोडतं. गॅसच्या मार्गात सरळ फ्रीजच बसवायचा, कॉम्प्रेसर आणि सगळं. त्याला फेज चेंज म्हणतात, कारण तिथे पातळ गॅसची वाफ होते आणि ती वाफ होताना गरमी ओढते. मी पाणी म्हणत होते. त्यांनी गॅस म्हणायचं हे तर खाटेखालीच ठरलेलं होतं.

मुद्दे दोघांचेही खरे होते, हे आज कबूल करते. त्यांचं म्हणणं, की पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही, आणि माझी खोलीच बेचाळीस अंशांवर. गॅस शून्याच्या खाली तीसपर्यंत नेतो. माझं म्हणणं, की हवेपेक्षा थंड वस्तूला घाम सुटतो. गार पाण्याच्या गडव्याला बाहेरून सुटतो तसा. तो घाम मशीनच्या बोर्डावर गळला की माझा धंदा आटोपला. त्यावर त्यांच्याकडे इलाज तयार होता, एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तो फोम आणि वरून व्हॅसलीनचा थर. व्हॅसलीन काकूंचं, टाचांना लावायचं. डबी संपल्याचं त्यांना कळलं तेव्हा मी दुकान बंद करून घरी गेले होते, हे माझं नशीब.

या फेज चेंजवरून एक घोटाळा झाला तो सांगितलाच पाहिजे. आमच्याकडे फेज म्हणजे विजेचा. तीनपैकी एक गेला की माणूस उठतो आणि बोर्डावरची मूठ फिरवून दुसऱ्यावर घेतो, याला फेज बदलणं म्हणतात, आणि उन्हाळ्यात हे दिवसातून चारदा करावं लागतं. काकाजी दुकानात जोरजोरात मला समजावत होते, की आता फेज चेंज करायचाच, त्याशिवाय हे चालत नाही. आतून काकू म्हणाल्या, मघापासून ऐकून राहिली, एवढं कायले ओरडता, मी करतो ना. आणि त्यांनी जाऊन मूठ फिरवली. माझ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली. पावणेतीन तास चाललेली फिल्म जागच्या जागी गेली. काकू दारात येऊन विचारतात कशा, आला का? मी टेबलावर डोकं ठेवलं. काकाजी तेवढ्यातही त्यांना गॅसची वाफ कशी होते ते समजावत होते.

ती गेलेली फिल्म कारध्याच्या मावशींच्या मुलाच्या लग्नाची होती. मावशींचं भाजीचं दुकान, म्हणजे बाजारात पोत्यावर मांडलेलं. नदीकाठच्या वाडीतली वांगी, दोडके, उन्हाळ्यात टरबुजं. कारधा तर पुलापलीकडेच. रोज पुलावरून यायच्या, टोपली रिकामी झाली की माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायच्या आणि एकच प्रश्न, "माह्या पोराचं लगन झालं का जी तयार?"

मुलगा एकुलता, मिलिटरीत, कुठेतरी बर्फात. लग्न करून सुटी संपली तसा परत गेला. मावशींनी मात्र ते लग्न पाहिलंच नव्हतं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवरदेवाची आई वरातीबरोबर जात नाही. ती घर राखते आणि सुनेची वाट पाहते. एका गावात एकुलत्या मुलाला अक्षता पडत होत्या आणि दुसऱ्या गावात मावशी उंबऱ्यात बसलेल्या. मी म्हटलं, मोबाइलवर फोटो तर पाहिले असतील. पाहिले, म्हणाल्या, पण फोटोत तो हलत नाही.

काकाजींची आणि मावशींची चांगली जमली. त्या त्यांना थंडीवाले म्हणायच्या. माह्या पोराले तिथं किती थंडी लागत असन, हा त्यांचा दुसरा प्रश्न. काकाजी त्यांना सांगायला बसायचे, की थंडी नावाची वस्तूच नाही, आणि मावशी म्हणायच्या, नसन, पण लागते ना जी. यावर काकाजी गप्प व्हायचे. त्यांना गप्प करणारी काकूंनंतर ही दुसरीच बाई.

त्यांनी मावशींना शब्द दिला होता, की तुमच्या लेकाचं लगन मी थंड मशीनवर काढून देतो, एकदाही अटकणार नाही. मी म्हणत होते, पाण्याचं सामान आणू, चार दिवसांत मोकळे होऊ. पण मशीन माझी असून मी हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर त्यांचा तो खाटेखालून कॉम्प्रेसर काढतानाचा चेहरा मी पाहिला होता. लहान मूल उचलावं तसा त्यांनी तो दोन हातांनी उचलला, दुपट्टा सोडला, धूळ नसताना पुसला. मला नाही म्हणवलं नाही. जोडाजोडीत तीन आठवडे गेले, तेवढे दिवस मशीन उघडीच पडलेली. तांब्याची चकती त्यांनी हाताने घासून आरशासारखी केली, नळ्यांना डाग दिले, चारदा गॅस भरला, चारदा सोडला. मावशी येऊन बसायच्या, बघायच्या आणि जायच्या.

मग एका दुपारी ते चालू झालं. कॉम्प्रेसर इतका हळू बोलत होता की काकाजींनी डोळे मिटले. नळीवर पांढरा बर्फ चढला. थर्मामीटर शून्याच्या खाली अठ्ठावीस. माझ्या खोलीत, भर उन्हाळ्यात. मी मशीन तिने आयुष्यात कधी पाहिला नव्हता त्या वेगावर टाकली आणि मावशींच्या मुलाची फिल्म लावली. ती सरसर निघाली. नेमक्या तेव्हाच मावशी आल्या, उन्हातून, तोंड लाल, पदर ओला. काकाजी उठले, त्यांना स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं आणि खिडकीतला कूलर सुरू करून त्यांच्याकडे वळवला.

नंतर त्यांनी मावशींना जवळ बोलावलं आणि बर्फाची नळी दाखवली. म्हणाले, "पाहा मावशी, तुमचा पोरगा अशा हवेत राहते." मावशींनी बोट लावलं. मी म्हटलं, काढा, चटका बसतो. त्यांनी काढलं नाही. बोट पांढरं होईस्तोवर ठेवलं.

त्या नळीकडे आम्ही तिघं बघत होतो आणि कूलर चालू होता. आता, कूलर म्हणजे ओल्या वाळ्यातून ओढलेली ओली हवा. कोरड्या उन्हाळ्यात काकाजींचा फोम आणि व्हॅसलीन कदाचित टिकलंही असतं. पण खोलीभर ओल पसरली, जिथे जिथे फट होती तिथे घाम जमला आणि गळला. पडदा काळा झाला. जन्मभर थंडीचं शिकवलेल्या माणसानं गार बर्फाशेजारी ओली हवा सोडली, तीही म्हातारीला ऊन लागलं म्हणून. मला एवढं कळलं, की माझा बोर्ड भिजला. मावशी मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "माह्यामुळं झालं का जी?"

"नाही," काकाजी म्हणाले. "माह्यामुळं."

बोर्ड काढून आम्ही गच्चीवर वाळत घातला. काकू कुरडया वाळवतात त्याच कापडावर, त्याच उन्हात. तीन दिवसांनी तो पुन्हा चालू झाला. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायची होती. काकाजींनी फट शोधून बुजवली, कॉम्प्रेसर परत जोडला, कूलर बंद केला. मी बटण दाबायच्या बेतात होते आणि कारध्याहून फोन आला, की मावशी गेल्या. सकाळी वाडीतून भाजी तोडून आणली, पाणी प्यायल्या, जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत.

फोन काकाजींच्या चेल्याचा होता. मुलगा निघाला होता, पण दोन विमानं आणि मग नागपूरहून गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचत नव्हता. तोवर आईला ठेवायचं कसं? आमच्या भागातल्या मंडळाकडे काचेच्या झाकणाची एक पेटी आहे, अशा वेळी लोक नेतात. आम्ही तिला डब्बा म्हणतो. ती नेली, लावली आणि ती थंडच होईना. कॉम्प्रेसर जळालेला. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्या भुशासकट अंगणात वाहत होत्या. बाहेर पंचेचाळीस अंश. लोक म्हणत होते, आता थांबता येत नाही, संध्याकाळच्या आत उरकू.

काकाजींनी फोन ठेवला. खुर्चीवरून उठले, कटर घेतलं आणि मशीनच्या नळ्या कापल्या. तीन आठवड्यांचा गॅस फुस्स करून निघून गेला. मी म्हणाले, काकाजी. ते म्हणाले, "काम आलं."

माझ्या स्कूटीवर मागे ते बसले, मांडीवर दुपट्ट्यात कॉम्प्रेसर. वैनगंगेच्या पुलावर भाजून काढणारी हवा होती, खाली पाणी काठ सोडून पार मधोमध गेलेलं. पुलाच्या निम्म्यावर त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "तू पाणी म्हणत होती. पाणी लावलं असतं तं बाईनं लगन पाहिलं असतं."

ते खरं होतं आणि त्यात माझाही वाटा होता. मला मागे वळून त्यांचं तोंड बघायची हिंमत झाली नाही.

चेला गॅसची टाकी आणि डाग द्यायचं सामान घेऊन आला होता. काकाजी ओसरीत मांडी घालून बसले ते अडीच तास उठले नाहीत. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. बाया रडत होत्या, कोणी घाई करत होतं, कोणी म्हणत होतं की हे फ्रीजचं काम आता कायले. ते कोणाकडे पाहत नव्हते. मी टॉर्च धरून बसले होते. शेवटी पेटी बोलायला लागली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, कानाला मूठ लावली, डोळे मिटले. खूप वेळ तसेच होते. मग खिशातला थर्मामीटर काढून आत ठेवला आणि काटा उतरेपर्यंत बसून राहिले. चारवर आला तेव्हा त्यांनी बायांना खूण केली, की आता आणा.

त्या दिवशी ते घरी आले नाहीत. वीज गेली, व्होल्टेज पडलं, तर पेटीशी कोणीतरी पाहिजे, म्हणून ओसरीतच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मुलगा नुकताच पोचला होता. वर्दीतच होता. पेटीशी उभा राहिला आणि काचेवर हात ठेवला. आतून थंड, बाहेरून गरम, काचेवर घाम जमला होता, आणि त्यातून आईचं तोंड नीट दिसत नव्हतं. तो हाताने पुसत होता आणि काच पुन्हा धूसर होत होती. काकाजी पुढे झाले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच कोरडी केली, मग झाकणच उचललं. म्हणाले, "घाई नको करू बेटा. मी थंडी धरून ठेवतो."

थंडी धरून ठेवतो. मी हे ऐकलं आणि मला रडू आलं, कारण थंडी नावाची वस्तू नाही असं सांगणारा माणूस हे बोलत होता.

तेरवी होऊन मुलगा परत जाणार होता. त्याच्या आत फिल्म द्यायची, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. काकाजींनी स्वतः पाण्याचं सामान मागवलं. गॅसचं नाव काढलं नाही. सामान आलं तेव्हा थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी बांधून ते अंगणात उभे राहिले आणि दांडीला दोरी लावून तो गरगर फिरवू लागले. शेजारी विचारू लागले की काकाजींना काय झालं. थांबून त्यांनी आकडा वाचला आणि मला दाखवला. हवा चव्वेचाळीस, ओली चिंधी चोवीस. म्हणाले, आपल्या हवेत पाणी हवेच्या खाली वीस अंश जाते, फक्त त्याले वाळू द्यायचं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, आणि त्यांच्या घरी जन्मभर माठ होता.

मग त्यांनी मशीनच्या नळ्या खिडकीतून बाहेर काढून कूलरच्या टाकीत सोडल्या. कूलर अंगणात, त्याची ओली हवा अंगणात, आणि टाकीतलं गार पाणी आत. पाणी अठ्ठावीस-तीस अंशांवर, मशीन आत कोरडी, एकदाही अडखळली नाही. बर्फ नाही, आरशासारखी चकती नाही, कूलर तोच, काकूंचा जुना. काकाजी दर तासाला विहिरीची बादली आणून टाकीत ओतत होते. पाऊस लागला की हे चालत नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, पाऊस लागला का लग्नं तरी कुठं होते?

फिल्म पुन्हा लावायच्या आधी मी कापून टाकलेले तुकडे परत पाहिले होते, त्यात मला वरात निघतानाचा एक तुकडा सापडला. गाडी हलली आहे आणि शूटिंगवाल्याने सहज कॅमेरा मागे वळवला आहे. दारात मावशी एकट्या उभ्या. हात हलवत नाहीत, नुसत्या बघताहेत. असले तुकडे आम्ही कापतो, त्यात कोणी नाचत नसतं. हा मी परत घेतला, आणि अक्षतांच्या बरोबर आधी लावला, गाणं न टाकता. काकाजींनी तो पाहिला, मग बादली घेऊन विहिरीवर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पेनड्राइव्ह तेरवीच्या सकाळी काकाजींनीच मुलाच्या हातात दिला.

ते पुण्याला गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मुलीच्या घरी एसी आहे, फ्रीज आहे, तोही दोन दारांचा, आणि काकू म्हणतात की हे दिवसातून दोनदा त्याला कान लावतात. मंडळाने डब्ब्यासाठी नवा कॉम्प्रेसर आणून काकाजींचा परत द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी पुण्याहून निरोप धाडला, की तो जिथं हाय तिथंच बरोबर हाय.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. पाऊस किती, माझी मशीन कशी, काकूंची तब्येत, सगळं झाल्यावर शेवटी आवाज जरा खाली आणून विचारतात, आपला चालू हाय का? एकदा तो चालू होता. गल्लीतल्याच एका घरी. मी फोन नेऊन पेटीच्या बुडाशी धरला. ते ऐकत राहिले. मग कॉम्प्रेसर ठीक आहे, की गॅस कमी आहे, यातलं काही बोलले नाहीत. विचारलं, "कोण हाय आत?" मी नाव सांगितलं. ओळखीचं होतं.

बाकी बहुतेक रविवारी मी एकच उत्तर देते. बंद आहे, काकाजी. मंडळाच्या हॉलमध्ये डब्बा झाकून ठेवला आहे. जन्मभर बंद पडलेलं चालू करत फिरलेला तो माणूस, पण हे ऐकलं की त्यांच्या आवाजात हुशारी येते.

"बंद हाय ना?" म्हणतात. "बंदच राहू दे त्याले."